आबांच्या कानासाठी तांब्याची पाटी

आमच्या घरातलं हळू बोलणं नेमकं कधी बंद झालं, ते मला सांगता येणार नाही. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी उजवा मंद झाला, मग डावा, आणि त्यांच्या मागोमाग आमचे आवाज चढत गेले. ‘आबा, जेवायला चला’ हे मी लहानपणी उंबऱ्यातून म्हणायची. मॅट्रिकला बसले तोवर तेवढंच सांगायला त्यांच्या खांद्याला हात लावून, कानाशी तोंड नेऊन, पोटातून जोर काढावा लागायचा. मायचंही तसंच. मीठ संपलं, शेळी व्याली, साखऱ्याहून आत्याचा निरोप आला, सगळं ओरडून. हट्ट्यात आमची वस्ती गावाच्या उगवतीला. घराला घर लागलेलं, मधल्या भिंती मातीच्या. त्यामुळे आमच्या घरातली बातमी आधी शेजारी पोचायची आणि मग आबांपर्यंत. माझ्या लग्नाचं एक बोलणं यातच मोडलं. पोरगा रंगानं फार काळा आहे, असं माय आबांना सांगत होती, आणि ते शेजारी पाहुणी म्हणून आलेल्या पोराच्या मावशीनं शब्दन् शब्द ऐकलं.

लोक हसायचे. आम्हीही कधी कधी हसायचो. पण रोज उठून ओरडण्यानं माणूस कसं शिणून जातं, ते ज्याच्या घरी बहिरं माणूस आहे त्यालाच कळेल. भांडण झालेलं नसताना भांडणाचा शीण अंगात राहायचा. मायेचं काही बोलायचं तर तेही ओरडून. मग माणूस तसलं बोलायचंच सोडून देतं. आज माझ्या स्वतःच्या कानामागं हरभऱ्याएवढं यंत्र आहे. सुनेला एखादी गोष्ट मला दुसऱ्यांदा सांगावी लागली की तिच्या कपाळावर बारीक आठी पडते. मी तिला दोष देत नाही. ती आठी आम्हा सगळ्यांच्या कपाळावर होती.

मायला मात्र आणखी एक आवाज होता, खालचा, साधा. चुलीपुढं बसली की त्या आवाजात ती स्वतःशीच बोलत राहायची. ज्वारीचं पीठ मळताना, अंबाडीची भाजी घोटताना, येसराची आमटी उकळताना तिचं चालूच असायचं. कधी दुखणं, कधी गाऱ्हाणं, कधी नुसतंच कुणाकुणाचं नाव. आबा हाताच्या अंतरावर बसून भाकरी खात असायचे आणि त्यांना त्यातलं काही पोचत नसे. त्यामुळे तिला ते लपवायची गरज नव्हती.

आबा गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आमच्या वस्तीतून मास्तर झालेला पहिला माणूस. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पायात वहाणा, आणि रस्त्यानं जाताना ज्याला त्याला जय भीम. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ते फार मोठ्यानं बोलत. विहारात वंदना म्हणू लागले की बाकीच्यांचे आवाज त्यात बुडून जायचे. शाळेत त्यांचा जीव पाढ्यांवर. पाढे पाठ असले की पोरगं बाजारात फसत नाही, असं ते म्हणायचे. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. पोरं एका सुरात पाढे म्हणायची, आबा बोट हलवून ताल धरायचे, आणि शेवटी जोरात म्हणायचे, “शाब्बास!” ते ‘शाब्बास’ वेशीपर्यंत ऐकू जायचं.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दाखवून झालं होतं. कानाची नस सुकली, औषध नाही, यंत्र लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते यंत्र मुंबईला मिळायचं आणि आमच्या आवाक्यातलं नव्हतं. विषय तिथंच थांबला असता, पण एका संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. माणूस वाईट नव्हता. मायनं दिलेला चहा बशीत ओतून ते खाली बघत म्हणाले, “वैनी, पावसाळ्याआधी तपासणी हाय. साहेबांनी काही इचारलं आन् गुरुजींनी भलतंच सांगितलं, तर मला वर कळवावं लागंल. आतापस्तोर झाकलं. आता न्हाई झाकता येत.” आबा बाजेवर बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. हेडमास्तर गेल्यावर मायनं ते सगळं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. म्हणजे वस्तीलाही सांगितलं.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा नांदेडला आयटीआयमध्ये रेडिओचं काम शिकत होता. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा. त्याच्या कपड्यांना राळेचा वास असायचा; डाग द्यायच्या आधी जोडावर राळ लावतात, तिचा. हेडमास्तरांचं कळल्यावर तो म्हणाला, “यंत्र म्हंजी काय? आवाज धरायचा, मोठा करायचा, कानात सोडायचा. रेडूत दुसरं काय असतंय?” पुढच्या खेपेला तो जुन्या रेडिओंतले तीन ट्रान्झिस्टर, आवाज धरणारी एक चकती आणि कानात घालायचं बोंड घेऊन आला. एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यानं ते सगळं तारांनी जोडलं. कोपऱ्यात बसून आम्ही एकमेकांच्या कानाला लावून पाहिलं, आणि खरंच, शेळीचं रवंथ करणंसुद्धा ऐकू आलं.

पण आबांच्या खिशात ते टिकेना. श्वास घेतला की करकर, वाकले की बंद. तारा बारीक, पुठ्ठा मऊ. हालचाल झाली की कुठला तरी जोड सुटायचा. दादानं दोनतीनदा जोडलं आणि मग वैतागून ठेवून दिलं. त्यानंतर तो नांदेडहून एक तपकिरी पाटी घेऊन आला. पोस्टकार्डाच्या आकाराची, एका अंगाला तांब्याचा पातळ पत्रा घट्ट चिकटवलेला. “तारच नको,” तो मला म्हणाला. “ह्या तांब्यावर रस्ते काढायचे. रस्ते सोडून बाकीचं तांबं औषधानं खाऊन टाकायचं. मंग राह्यलेलं तांबं हीच तार. तुटंलच कशी?” ते औषध त्यानं नांदेडातल्या एका ब्लॉकवाल्याकडून आणलं होतं. छापखान्यासाठी तांब्यावर चित्रं कोरायला ती माणसं ते वापरायची. पिवळट तपकिरी खडे, काळ्या शिशीत. दिसायला गुळासारखे.

पाटी तशीच राहिली आणि दादाला पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. नोकरीचं बोलावणं सोडायचं कसं? माय रडली, आबांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. एसटीत चढायच्या आधी त्यानं मला घाईघाईनं सगळं समजावलं. जोडणीचा नकाशा एका कागदावर होता, तो माझ्या हातात दिला. “तुजा हात बारीक हाय इमल. तू काढ रस्ते. औषध धातूच्या भांड्यात ठेवू नको, भांडंच खाईल. आन् डाग देताना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यात धर, तापला की मेला तो.” गाडी निघाली. मी धुरळ्यात उभी राहिले. मॅट्रिकचा निकाल लागायचा होता, लग्न ठरत नव्हतं, आणि माझ्या हातात विजेचा एक नकाशा होता जो मला पुरता वाचताही येत नव्हता.

त्या उन्हाळ्याचं मला आठवतं ते दमणं. पहाटे आडावरून पाणी, मग शेण, भाकरी, धुणं, आणि दुपारी सगळं गाव सावलीला गेलं की मी माळवदावर. एखादा चुकला तर दुसरा असावा म्हणून आधी पाटीचे तीन तुकडे केले. मग पाटी घासायची. त्यासाठी काही नवं शिकावं लागलं नाही. तांब्याचा हंडा जसा चिंच आणि राखेनं घासतात, तशीच ती घासली, आणि तांबं गुलाबी निघालं. रस्ते काढायला दादानं सांगितलेला रंग आमच्याकडं नव्हता. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीकडून मी नखांना लावायचा लाल रंग घेतला आणि बाभळीच्या काट्यानं ओढून बघितला. सुरेख रेघ आली. कासारीण म्हणाली, “नखं तर कोरीच हायेत की गं तुजी!”

चिनीमातीच्या वाडग्यात पाणी घेतलं, त्यात खडे टाकले, तर पाणी आपोआप तापलं आणि नाकात झोंबणारा वास सुटला. पाटी आत सोडून वाडगा उन्हात ठेवला. उन्हानं औषध लवकर चढतं, हे दादानं सांगितलं होतं. काठानं धरून वाडगा हळूहळू हलवत बसायचं, पाळणा हलवल्यासारखं. माय शिडीवरून डोकावून ओरडली, “काय करून राह्यलीस उन्हात? भोवळ येऊन पडशील!” मला ओरडायची गरज नव्हती, पण तिला आता सवयच लागली होती.

पहिली पाटी मी जास्त वेळ ठेवली. उन्हात बसल्या बसल्या डोळा लागला की काय, कोण जाणे. बाहेर काढली तर रंगाखालचे रस्तेही खाल्ले गेले होते. काही ठिकाणी नुसता वाळवीनं खाल्ल्यासारखा माग. दुसऱ्या तुकड्यावर मी रंगाचे दोन हात दिले, दर थोड्या वेळानं उलटून पाहत राहिले, आणि या वेळी रस्ते असे स्वच्छ निघाले की मला हसू आलं. सुताराकडून लहान गिरमिट आणून, त्यात मोडकी सुई बसवून भोकं पाडली. डाग द्यायची दादाची सळई चुलीत लाल करून एकेक पाय जोडला. सगळं जोडून बोंड कानात घातलं, तर आत काहीच नाही. विहिरीत कान घातल्यासारखं.

किती वेळा मी तो नकाशा आणि पाटी शेजारी ठेवून पाहिली असेन. प्रत्येक रेघ नकाशाबरहुकूम होती. चूक सापडेना, आणि तेच जास्त थकवणारं होतं. माय म्हणाली, “सोड आता. ज्याचं त्यानं करावं.” आबा शाळेतून आले की माझ्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडे बघायचे आणि खिशातून लिंबाची फोड काढून द्यायचे, डाग निघावेत म्हणून. बोटं खरंच हळकुंडासारखी झाली होती. शेजारच्या काशीमावशीनं तर आडावर सगळ्यांसमोर विचारलं, “इमल, आमाला न सांगताच हळद लागली व्हय गं?”

उत्तर सापडलं ते भजी तळताना. नकाशाच्या कागदावर करडईच्या तेलाचा थेंब पडला, मी तो चटकन उचलून उजेडाकडे धरला, तर तेलानं कागद पारदर्शक झालेला आणि रेघा मागच्या बाजूनं दिसत होत्या, उलट्या. डाव्याचं उजवं. तेव्हा डोक्यात आलं. नकाशा वरून काढलेला, जिथं ट्रान्झिस्टर बसतात तिथून बघून. तांबं असतं खालच्या अंगाला. म्हणजे रस्ते उलटे काढायला हवेत, आरशात दिसतात तसे. घाईत एवढंच सांगायचं दादाकडून राहून गेलं होतं. मी भजी तशीच करपत ठेवली. मायनं त्यावरून मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

राहिलेल्या तुकड्यावर मी सगळा कागद तेलानं भिजवून, उलटा करून, रस्ते नव्यानं काढले. पुढं आयुष्यात मी तशी पाटी कधी केली नाही. लग्न झालं, अंगणवाडीचं काम लागलं, लेकरं झाली. कुणी विचारलंही नाही आणि मलाही वेळ मिळाला नाही. नातवाला हे सांगितलं तर तो मोबाईलमध्ये बघून म्हणाला, “आजी, आता घरबसल्या मागवता येतात, छापून येतात.” येत असतील.

यंत्र साबणाच्या डबीत बसवलं आणि एका दुपारी शाळेतून आल्यावर आबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तार गळ्याजवळून वर घेतली, बोंड कानात घातलं, खटका सुरू केला. आबा दचकले. “कोन घासून राह्यलं?” ते ओरडले. ती त्यांच्याच सदऱ्याची सळसळ होती. आणि मग स्वतःचा तो मोठा आवाज कानात येऊन आदळला, तसे ते एकदम गप्प झाले. माझ्याकडे बघू लागले. मी कितीतरी दिवसांनी, उंबऱ्यातून बोलायची तशी म्हणाले, “आबा.”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मान किंचित वळवली. घर एका खोलीचं. आत चुलीपुढं माय बसली होती, आमच्याकडे पाठ करून, आणि तिचं चालूच होतं. “...वरडू वरडू गळ्याचं चामडं झालं. बोलावं तर कुनाशी? भित्ताडाशी बोललेलं बरं. भित्ताडाला तरी शरम न्हाई वाटत. मेले म्हंजी सुटंन एकदाची ह्या वरडन्यातून...” त्यात राग नव्हता. पीठ मळण्याच्या लयीत ती बोलत होती, रोजच्यासारखी. मी तिला हाक मारणार होते, पण आबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. ती गप्प होईपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोंड काढून तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “ग्वाड झालंय पोरी. समदं बराबर ऐकू येतंय.” कोपऱ्यातली घागर उचलून ते आडावर पाणी आणायला गेले. गुरुजी घागर घेऊन निघालेले बघून वस्तीतल्या बायका उभ्याच राहिल्या. माय म्हणाली, “आज ह्यांना काय झालं?” मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर शाळेत गेले. एखादा जोड सुटला, सेल हलले, तर हाताशी असावं म्हणून. मी व्हरांड्यात बसले, वर्गाचं दार उघडं होतं. आबांच्या कानातली तार पाहून पोरांत कुजबुज झाली. “गुरुजीनं रेडू लावलाय. गाणे ऐकून राह्यलेत.” कुणालाही खरं काय ते ठाऊक नव्हतं. आबा खुर्चीत बसले, बोट वर केलं आणि म्हणाले, “सतराचा.”

पोरांनी नेहमीच्या सुरात सुरू केलं. सूर अगदी पाढ्याचा, ओठ पाढ्याचे. मी आधी लक्षही दिलं नाही. मग शब्द कानावर आले.

“सतरा एके सतरा, सतरा दुणे कुतरा, सतरा त्रिक खाली उतरा...”

आबांचं बोट ताल धरून हलत होतं. ते हवेतच थांबलं. पोरांना कळलं नाही. ती पुढं चालूच होती, आणि प्रत्येक ओळीला कुणाची तरी टिंगल होती, हेडमास्तरांची, शाळेत सुकडी वाटणाऱ्या बाईची, एक ओळ आबांचीही. पाढा संपला. सगळ्यांच्या नजरा ‘शाब्बास’ची वाट बघत आबांकडे लागल्या. आबा खालच्या आवाजात म्हणाले, “परत म्हणा.”

तो आवाज त्या पोरांनी कधी ऐकलाच नव्हता. वर्ग गार पडला. आबांनी पुढं बसलेल्या गंगाला उभं केलं. लहानखुरी, धनगराची पोरगी, तिला खोटं बोलता येत नसे. “कवापासून म्हणून राह्यले असं?”

“लई दिवसापासून गुरुजी. समदेच म्हणत्यात.”

“तुला येतो का सतराचा?”

“न्हाई.”

“बाराचा?”

तिनं मान हलवली. मग तिला रडू आलं, आणि तिचं बघून मागं कुणी तरी हसलं, कुणी तरी हसणाऱ्याला गप्प केलं, आणि साऱ्या वर्गाचा गलका एकदम त्या साबणाच्या डबीत शिरला. एवढा आवाज त्या यंत्राला सोसत नव्हता. कर्कश शीळ वाजली. आबांनी बोंड उपसून काढलं आणि कान दाबून बसून राहिले. मारलं कुणालाच नाही. छडी कोपऱ्यात होती.

घरी येताना उन्हात आम्ही दोघं वेशीजवळच्या लिंबाखाली थांबलो. आबांनी बोंड पुन्हा कानात घातलं, बहुतेक मी काही बोलेन म्हणून. शेवटी तेच म्हणाले, “मी रोज शाब्बास म्हणून राह्यलो, इमल. रोज.” आणि थोड्या वेळानं, “ती पोरं बाजाराला जातील उद्या.”

तपासणीला साहेब जीपमधून आले. काय झालं ते आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं, कारण हेडमास्तर तावातावानं घरी आले. “वैनी, साहेबांनी गुरुजींना चार गोष्टी इचारल्या. चारीची उत्तरं बराबर! साहेब मलाच म्हणाले, ह्यांना ऐकू येत न्हाई असं कोण म्हणतं? मी म्हणलं, सुटलो. तर ह्यांनी काय करावं? साहेबांना म्हणले, एकेकाचं येतं साहेब, वर्गाचं येत न्हाई. ही पोरं माझ्यापाशी काहीच शिकली न्हाईत, वर्ग दुसऱ्याला द्या. आपल्याच तोंडानं! आता साहेब लिहिणार न्हाईत तर काय करतील?”

ते गेल्यावर माय उभीच राहिली. मग बोलली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती ओरडली नाही. तिच्यात तेवढं बळच उरलं नव्हतं. “वस्तीतला पहिला मास्तर म्हणून तुमच्या मायनं गावभर साखर वाटली व्हती. लेकीनं उन्हात बसून हातं जाळले ते काहून? गप बसायला काय झालतं तुमाला?”

आबांच्या कानात बोंड होतं. “गप बसलो की,” ते म्हणाले. “तू चुलीम्होरं बोलत व्हतीस, तवा गपच बसलो.”

मायला आधी कळलं नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्या डबीकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला. ती आत जाऊन बसली. त्या दिवशी चूल मीच पेटवली. आम्ही तिघं जेवलो. चुलीपुढचं तिचं ते बोलणं त्यानंतर मी ऐकलं नाही. घर फारच शांत झालं आणि ती शांतता ओरडण्यापेक्षा जड होती.

आबांचा वर्ग हिंगोलीकडच्या एका तरुण मास्तरांकडे गेला. आबांना वसमतला, पुस्तकांच्या गोदामात काम मिळेल असं ठरलं; हुकूम यायला वेळ होता. तोवर त्यांनी हेडमास्तरांना विचारून एक गोष्ट केली. रोज शाळा सुटल्यावर चौथीतली काही पोरं आमच्या दारात येऊ लागली. यंत्राला गर्दी सोसत नव्हती, एक माणूस हाताच्या अंतरावर बसला तर सोसत होतं. म्हणून दारात एक गोणपाट टाकलं होतं. एकानं त्यावर बसायचं, बाकीच्यांनी लांब, आमच्या दारापुढच्या लिंबाखाली थांबायचं. आबा पुढं वाकायचे आणि पोरगं बे एके बे पासून सुरू करायचं.

पहिल्याच दिवशी परशा बसला. कुतरा-उतरा त्यानंच रचलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाराच्या पाढ्यात तो अडखळला आणि उगाच सुरात पुढं रेटू लागला. आबा म्हणाले, “चुकलं.” परशानं वर पाहिलं. चौथीत आल्यापासून त्याला कुणी चुकलं म्हटलंच नव्हतं. एवढा दांडगा पोरगा, मान खाली घालून रडायला लागला. आबांनी त्याला रडू दिलं आणि मग म्हणाले, “बारा साती. तिथून धर.” त्यानं धरलं.

पोरं पाचवीत गेली तरी हे सगळं पावसाळा सरत येईपर्यंत चाललं. हुकूम आल्यावरही, आबा वसमतहून एसटीनं यायचे, धुळीनं भरलेले, पायऱ्यांवरच वहाणा काढायचे आणि गोणपाटासमोर बसायचे. त्यांचा कान बोंडानं सोलून निघाला होता. सेल उतरले की आवाज पातळ व्हायचा आणि ते आणखी पुढं वाकायचे. मी आतून भाकरी थापत ऐकायची. एकाच पाढ्याच्या त्याच त्या चुका, एकामागून एक पोरं. मला कंटाळा यायचा. त्यांना येत असेल तर त्यांनी दाखवला नाही.

एका संध्याकाळी शेवटचं पोरगं उठून गेलं. आबा खटका बंद करणार, तेवढ्यात माय आतून आली. पदराला हात पुसले. इकडंतिकडं बघितलं, आणि पोरं बसायची त्या गोणपाटावर, आबांच्या समोर बसली. मला वाटलं जेवायचं विचारायला आली.

“झाली का पोरं?” तिनं विचारलं.

“झाली.”

“मंग माझं ऐका आता.”

आबांनी डबी खिशातून काढून हातात धरली, तिच्या बाजूला. मायनं इतकी वर्षं ओरडून सांगायचं तेवढंच सांगितलेलं. साधं बोलायचं तर कुठून सुरू करावं, तिला सुचत नव्हतं. लिंबावर साळुंक्यांचा गलका चालला होता. मी तव्यावरची भाकरी उलटली.

“गुडघा लई दुखून राह्यलाय,” ती हळूच म्हणाली.

आबा आणखी पुढं सरकले.

“कोणता?” त्यांनी विचारलं.